गिरीजचं मधलं घर

वसई तालुक्यातल्या गिरीजमधलं एक चार माणसांचं घर घ्या. त्या घरात महिन्याला किती पैसे येत असतील, याचं उत्तर सरकारी कागदांत शोधायला बसलं तर चार वेगवेगळे आकडे हाती लागतात.

पहिला आकडा महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतला. २०२३-२४ मध्ये राज्याचं दरडोई उत्पन्न २,७८,६८१ रुपये होतं. त्याला चारने गुणून बाराने भागलं की महिन्याचे ९२,८९४ रुपये होतात. दुसरा आकडा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणातला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ७,३६३ रुपये निघाला, म्हणजे चौघांचा २९,४५२. तिसरा आकडा ही एक रेषा आहे. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला २०,८३३. चौथीही रेषाच. अन्नसुरक्षेच्या स्वस्त धान्यासाठी शहरी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,९१७.

सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात जवळजवळ १९ पटींचं अंतर आहे. चारही आकडे अधिकृत आहेत, चारही आपापल्या जागी उपयोगाचे आहेत. पण यातला एकही गिरीजचा नाही आणि वसईचाही नाही. वसई तालुक्यातली सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली तर बरोबर मध्ये येणारं घर किती कमावतं, हा साधा प्रश्न आहे. शाळेच्या पुस्तकात याला मध्यक म्हणतात. तो काढायचा ठरवला की जे आकडे समोर येतात ते पाहून मी थक्क झालो, आणि हा आकडा आपल्याकडे असलाच पाहिजे अशी माझी खात्रीही झाली.

तालुक्यातली बहुतेक वस्ती ज्यात येते त्या वसई-विरार शहर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२,२२,३९० होती. आज ती बरीच जास्त आहे, पण मोजलेला शेवटचा आकडा हाच. घरटी चार माणसं धरली तर सुमारे ३ लाख घरं झाली. प्रत्येक घराचा एक माणूस अर्ध्या अर्ध्या मीटरवर उभा केला तर १५० किलोमीटरची रांग लागेल. चर्चगेट ते विरार रेल्वेचं अंतर ६० किलोमीटर आहे. म्हणजे ही रांग चर्चगेटहून विरारला जाईल, परत चर्चगेटला येईल आणि पुन्हा निम्म्या वाटेवर पोचेल. कमी कमाईपासून सुरुवात केली तर ७५ व्या किलोमीटरवर उभा असलेला माणूस आपल्याला हवा आहे.

आता या रांगेत वर्षाला १,००० कोटी रुपये कमावणारा एकच माणूस राहायला आला असं समजा. ३ लाख घरांची वार्षिक सरासरी एका झटक्यात घरटी ३३,३३३ रुपयांनी वाढेल. कुणाच्या ताटात एक पोळी जास्त पडलेली नसेल, पण तालुका श्रीमंत झाल्याचं कागद सांगेल. मधला माणूस मात्र फार तर पाव मीटर सरकेल आणि त्याच्या कमाईचा आकडा जवळपास तोच राहील. हे फक्त कल्पनेतलं नाही. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये देशातल्या ४१,५५४ घरांना त्यांचं उत्पन्न विचारलं. घराची वार्षिक सरासरी ४७,८०४ रुपये निघाली आणि मध्यक २७,८५७. देशातली निम्मी घरं सरासरीच्या ५८ टक्क्यांच्याही खाली होती. दरडोई उत्पन्नाला कुटुंबाच्या माणसांनी गुणून जो कुणी एखाद्या गावाची ऐपत ठरवतो, तो त्या गावातल्या बहुसंख्य घरांवर अन्याय करतो.

शिवाय दरडोई उत्पन्न ज्या रीतीने जिल्ह्यापर्यंत आणतात, ती रीत वसईच्या बाबतीत फारच आडवी येते. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं उत्पन्न काढतं ते जिथे निर्माण झालं त्या जागेच्या हिशेबाने. तारापूरचा अणुवीज प्रकल्प आणि तिथली औद्योगिक वसाहत पालघर जिल्ह्यात आहे, म्हणून तिथे तयार झालेलं मूल्य पालघरच्या खात्यावर येतं. मग कारखान्याचा मालक मुंबईत राहो की सुरतेत, आणि नफा कुठेही जावो. उलट गिरीजचा जो मुलगा पहाटे वसई रोडहून गाडी पकडून फोर्टमधल्या बँकेत जातो, त्याच्या श्रमाचं मूल्य मुंबईच्या खात्यात धरलं जातं. पगार घरी येतो, चूल त्यावर पेटते, पण जिल्ह्याच्या आकड्यात तो दिसत नाही. रोज लाखो माणसं जिथून दुसऱ्या जिल्ह्यात कामाला जातात, तिथे हा हिशेब घराच्या उत्पन्नाबद्दल जवळजवळ काहीच सांगू शकत नाही.

जिल्ह्याचा एकच आकडा काढला तरी आणखी एक अडचण राहते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या मोजणीप्रमाणे वसई तालुक्यात १३,४३,४०२ माणसं होती आणि मोखाड्यात ८३,४५३. एका वसईत सोळा मोखाडे मावतात. जिल्ह्याच्या २९,९०,११६ लोकसंख्येपैकी ४५ टक्के एकट्या वसईची. जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि तलासरी या चारही तालुक्यांची मिळून ५,१६,०८३, म्हणजे १७ टक्के. साऱ्या जिल्ह्याची एक रांग लावली तर मधला माणूस ना नालासोपाऱ्याच्या चाळीतला, ना मोखाड्याच्या पाड्यावरचा. मधे कुठेतरी असलेला तो माणूस दोघांपैकी कुणाचीच परिस्थिती सांगणार नाही. आठ तालुक्यांचे आठ मध्यक हाती असले तरी त्यांतून जिल्ह्याचा मध्यक बेरीज-भागाकाराने निघत नाही, आणि जिल्ह्याच्या मध्यकातून वसईचा तर नाहीच. सरासरीला ही सोय आहे, मध्यकाला नाही. त्यासाठी रांग नव्याने लावावी लागते.

त्यातच दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात. काही वसईच्याच हद्दीत येतात. पावसाळ्याआधी परत जातात. पाहणी करणारा माणूस जानेवारीत आला तर ती वसईची, जुलैत आला तर मोखाड्याची. रांगेच्या अगदी सुरुवातीला उभी असलेली ही घरं कुठल्या तालुक्याच्या रांगेत उभी करायची, हे ठरवल्याशिवाय दोन्ही तालुक्यांचा मधला माणूस सापडत नाही.

मग ३ लाख घरांपैकी किती घरांना विचारलं तर पुरेल? इथे संख्याशास्त्राचा एक निकाल कामाला येतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो खरा वाटत नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेली ४०० घरं पुरतात. तेवढ्यांना विचारलं की नमुन्यातलं मधलं घर खऱ्या मधल्या घरापासून १०० तल्या ९५ वेळा ५ टक्के जागांच्या आत पडतं. १५० किलोमीटरच्या आपल्या रांगेत ७५ च्या दोन्ही बाजूंना साडेसात किलोमीटर. १,६०० घरं विचारली तर ही चूक निम्मी होते आणि १०,००० विचारली तर १ टक्क्यावर येते. चूक निम्मी करायची तर घरं चौपट करावी लागतात. आणि यात सगळ्यात नवलाची गोष्ट अशी की रांग किती लांब आहे याचा या हिशेबाशी जवळजवळ काही संबंध नाही. वसईला ४०० घरं लागतात, महाराष्ट्रालाही ४००, साऱ्या भारतालाही ४००.

ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण हाच निकाल उलटा करून पाहा. मोठ्या देशाला जेवढी घरं लागतात तेवढीच लहानशा गावालाही लागतात. आता शिडी उतरू या. २०११ च्या जनगणनेत ६४० जिल्हे होते. प्रत्येकी ४०० धरले तर २,५६,००० घरं. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०२२-२३ च्या खर्चाच्या सर्वेक्षणात देशभर २,६१,७४६ घरं घेतली होती. म्हणजे आजची आपली सगळी ताकद समसमान वाटली तर ती जिल्ह्यापर्यंत जेमतेम पोचते. एक पायरी खाली तालुके, ५,९२४. त्यांना २३ लाख ७० हजार घरं लागतील, म्हणजे आजच्या नऊ पट. आणखी एक पायरी खाली वस्ती असलेली गावं, ५,९७,६०८. त्यांना गुणिले ४०० केलं की होतात २३ कोटी ९० लाख. २०११ साली अख्ख्या भारतात, खेडी आणि शहरं मिळून, घरं होती २४ कोटी ६७ लाख.

त्यातही १६ कोटी ७८ लाख घरंच ग्रामीण होती. म्हणजे भारतातल्या सरासरी खेड्यात २८१ घरं. तिथे ४०० घरं विचारायची म्हटली तर गावात तेवढी घरंच नाहीत. लहान गावात थोडी कमी पुरतात हे खरं, पण तरी जवळजवळ दार न् दार ठोठावावं लागतं. लहान क्षेत्राचा अंदाज हा संख्याशास्त्रातला एवढा अवघड प्रश्न का मानला जातो, ते या गुणाकारात दिसतं.

गिरीजच्या वाट्याला यातलं किती येतं? २०२२-२३ च्या त्या खर्चाच्या सर्वेक्षणात ८,७२३ गावं आणि ६,११५ शहरी ब्लॉक निवडले होते आणि प्रत्येक ठिकाणी १८ घरं. २०११ ला देशात शहरी घरं ७ कोटी ८९ लाख होती. एका ब्लॉकात दीडशे घरं धरली तर सव्वापाच लाखांवर ब्लॉक होतात आणि त्यांतून ६,११५ निवडायचे म्हणजे दर ८६ मागे एक. एखादा ठरावीक ब्लॉक दरवर्षी चिठ्ठीत टाकत राहिलं तर सरासरीने ८६ वर्षांतून एकदा त्याची पाळी येईल. आणि ती आली तरी १८ घरं मिळतील. १८ घरांवरून काढलेलं मधलं घर २७ टक्क्यांच्या जागेपासून ७३ टक्क्यांच्या जागेपर्यंत कुठेही असू शकतं. आपल्या रांगेत ते ४० व्या किलोमीटरपासून ११० व्या किलोमीटरपर्यंत कुठेही उभं असेल.

त्यातही ही १८ घरं शेजारशेजारची. गिरीजमध्ये एका आळीत बहुधा एकाच कुळीची, एकाच तऱ्हेच्या वाड्या असलेली, एकाच काळात मुलांना शिकवून नोकरीला लावलेली माणसं राहतात. पहिल्या तीन घरांत विचारलं की चौथ्याचा अंदाज येतो. त्यामुळे १८ घरांतून १८ घरांची माहिती मिळत नाही. चार रस्ते ओलांडून नव्या इमारतीतल्या भाडेकरूंकडे गेलं तर मात्र सगळंच वेगळं. गिरीजच्या हिराडोंगरी टेकडीवरच्या दत्तमंदिरापाशी उभं राहिलं की हा फरक डोळ्यांनाच दिसतो. एकीकडे वाड्यांची गर्द झाडी आणि दुसरीकडे स्टेशनच्या बाजूला पसरलेल्या इमारती.

इथवर घरं निवडण्याचं झालं. निवडलेल्या दारात उभं राहून नेमकं काय विचारायचं, हा भाग त्याहून कठीण आहे.

वाडीवाल्याचं घर घ्या. बापाकडे केळीची बाग, थोडे नारळ, एखादी पानवेल, बांधावर सोनचाफा आणि मोगरा. आई पहाटे फुलं खुडते, ती पहिल्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात जातात. श्रावणात आणि गणपतीत भाव असा चढतो की महिन्याची कमाई आठवड्यात होते, आणि एखाद्या जुलैत पाणी तुंबलं की वाडी कुजून जाते. राजेळी केळी वाळवून सुकेळी केली तर तिचा भाव वेगळा. थोरला मुलगा नोकरीत, त्याचा पगार तेवढा स्वच्छ कागदावर. धाकटा बोटीवर, तो सहा महिने पैसे पाठवतो आणि सहा महिने घरी बसतो. मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. घरची भाजी, घरचे नारळ, विहिरीचं पाणी, जागा स्वतःची. आता सांगा, या घराचं मासिक उत्पन्न किती? त्या घराच्या कर्त्या माणसालाही ते ठाऊक नसतं. तो काही लपवत नाही. एवढंच की एवढ्या वाटांनी येणारे आणि जाणारे पैसे कुणी एका वहीत मांडलेलेच नसतात. फुलांच्या पैशांतून मजुरी, खत आणि रेल्वेचं भाडं वजा करायचं असतं, घरी खाल्लेल्या केळ्यांची किंमत मिळवायची असते. प्रश्नावली हातात घेतलेल्या माणसाला वाडीचा हिशेब समजला पाहिजे, आणि जमल्यास इथली कादोडी बोलीही कळली पाहिजे, तरच उत्तरात अर्थ राहील.

म्हणूनच राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० साली काम सुरू केल्यापासून खर्च विचारला आणि उत्पन्न बाजूला ठेवलं. १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रयोग म्हणून उत्पन्न विचारून पाहिलं होतं. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं, तेव्हा तो नाद सोडून दिला. १९८० च्या दशकात पुन्हा एक चाचणी झाली, पुढे काही झालं नाही. २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की २०२६ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय घरगुती उत्पन्न सर्वेक्षण करायचं. त्यासाठी सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रश्नावलीची पूर्वचाचणी घेतली, तर ९५ टक्के लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले. मला यात लोकांचा दोष दिसत नाही. आपण सांगितलेल्या आकड्यावर रेशनकार्डाचा रंग, मुलीची शिष्यवृत्ती आणि लाडकी बहीण योजनेतले बायकोचे दीड हजार अवलंबून आहेत हे ज्याला माहीत आहे, तो अनोळखी माणसाला आकडा का सांगेल? कुठलंही उत्तर कुठल्याही योजनेकडे जाणार नाही ही हमी कायद्यात असून भागत नाही. ती दारातल्या माणसाच्या बोलण्यात आणि वागण्यात दिसावी लागते.

घर कशाला म्हणायचं हाही प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. पाहणीच्या नियमात एका चुलीवर जेवतात ते एक घर. गिरीजच्या एखाद्या जुन्या घरात दोघे भाऊ महिन्याला ३०-३० हजार मिळवतात आणि एकत्र जेवतात, तेव्हा ते ६० हजारांचं एक घर आहे. सुनांनी वेगळा गॅस मांडला की ३० हजारांची दोन घरं झाली. कुणाची एक रुपयाची कमाई कमी झाली नाही, पण रांगेत एकाच्या जागी दोन माणसं आली आणि दोघेही खूप मागे सरकले. तालुकाभर अशा चुली वेगळ्या होत गेल्या तर मध्यक घसरत जाईल आणि कुणीतरी लिहील की वसई गरीब झाली. म्हणून मध्यकाशेजारी घरटी किती माणसं हा आकडा नेहमी छापलेला असावा.

महाराष्ट्राला ही मोजणी परकी नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी हिंदी माणसाचं वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं आणि साम्राज्याला जाब विचारला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची घरं तपासून १९१७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि १९२१ मध्ये सहलेखक कानिटकरांना बरोबर घेऊन जातेगाव बुद्रुकचं. आज जिथे उंच इमारती उभ्या आहेत त्या पिंपळे सौदागरच्या घरांचा जमाखर्च शंभर वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष महालनोबिसांबरोबर धनंजयराव गाडगीळ होते. त्यांच्याच गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा आकडा देशापुढे ठेवला. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी शेतातलं पीक नमुन्याने कसं मोजायचं हे शिकवलं आणि ते जगभर गेलं. ज्या प्रांतात हे सारं घडलं, तिथल्या एका तालुक्याला आपलं मधलं घर माहीत नसावं ही गोष्ट मला मनापासून लागते.

छोट्या जागेचा अंदाज कसा बांधावा याची सर्वांत मोठी यंत्रणा आज अमेरिकेत आहे. तिथे ३,१४४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीच्या घरगुती उत्पन्नाचा मध्यक दरवर्षी प्रसिद्ध होतो. वर्षाला ३५ लाख पत्त्यांवर प्रश्नावली जाते. तरीही ६५,००० च्या खालच्या वस्तीसाठी एका वर्षाची माहिती पुरत नाही, म्हणून पाच वर्षांची एकत्र करतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथे काय नमुना घेणार? दुसऱ्या टोकाला व्हर्जिनियातली लाउडन काउंटी, तिथे २०१८ ते २०२२ या काळातला मध्यक १,७०,४६३ डॉलर निघाला.

लव्हिंगसारख्या जागांसाठी जी रीत वापरतात तिची गोष्ट १९७० च्या दशकातली. तिथल्या केंद्र सरकारचा महसूल स्थानिक संस्थांना वाटायचा कायदा १९७२ मध्ये झाला आणि सुमारे ३९,००० जागांचं दरडोई उत्पन्न हवं होतं. त्यांत हजाराहून कमी वस्तीच्या असंख्य होत्या. जनगणनेत पाचातल्या एका घराला उत्पन्न विचारलेलं, म्हणून १०० माणसांच्या गावाच्या आकड्यात साधारण ३० टक्क्यांची चूक. रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ मध्ये तोडगा छापला. त्यांचा आधार होता चार्ल्स स्टाइन आणि विलर्ड जेम्स यांचा १९६१ चा निकाल. तीन किंवा जास्त जागांचे अंदाज बांधताना प्रत्येकाचा स्वतंत्र अंदाज घेण्यापेक्षा सगळे एका समान पातळीकडे थोडे ओढून घेतले तर एकूण चूक सरासरीने नेहमी कमी होते. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही त्या जागांनीही एकमेकांची चूक कमी करावी, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते गणित स्वतः मांडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ शकलो नाही.

गिरीजवर हे कसं लागू होईल ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा १८ घरांतून मध्यक निघाला महिन्याला ३२,००० रुपये. आता गिरीजसारख्या इतर गावांकडे पाहायचं. घरांची बांधणी कशी, शिकलेली माणसं किती, रेल्वेने कामाला जाणारे किती, वाडीवर जगणारे किती. या गोष्टी आणि उत्पन्न यांचं नातं तालुकाभरच्या माहितीवरून बसवलं आणि त्या नात्याने गिरीजसाठी २४,००० हा आकडा दिला. मग दोन्हींचं मिश्रण करायचं. १८ घरांवर भरवसा थोडा, म्हणून त्यांना पाव वजन आणि नात्याला पाऊण. उत्तर येईल २६,०००. घरं वाढत गेली की गावाच्या स्वतःच्या उत्तराचं वजन वाढत जातं आणि बाहेरचा आधार आपोआप सुटत जातो.

सगळी मदार अर्थातच त्या नात्यावर आहे. अमेरिकेत प्राप्तिकराच्या विवरणांवरून ते बसवतात. आपल्याकडे ३१ जुलै २०२४ पर्यंत देशभर ७ कोटी २८ लाख विवरणं भरली गेली, १४० कोटींच्या देशात. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त. म्हणजे वाडीवाल्याच्या घरातला थोरल्याचा पगार दिसेल, केळी आणि फुलं दिसणार नाहीत. उपग्रहावरून दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडाचा आधार घ्या असं हल्ली पुष्कळ जण सुचवतात. वसईत तो फसेल. नालासोपाऱ्याच्या दाटीत दहा बाय दहाच्या खोल्या झगमगताना दिसतील आणि गिरीजच्या वाडीतलं सुखवस्तू घर झाडीच्या अंधारात लपेल. वीजबिलांचे युनिट, घरपट्टी, दुचाकी-चारचाकींची नोंद आणि जनगणनेतलं घरांचं वर्णन एवढं एकत्र केलं तर चांगलं नातं बसेल असं मला वाटतं. पण जनगणना २०११ ची. नवी घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी २०२७ मध्ये होणार आहे. पंधरा-सोळा वर्षं जुन्या घरांच्या वर्णनावर आजची वसई ओळखता येणार नाही. दरम्यान एक चांगली गोष्ट झाली आहे. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला आहे. पालघरचा आकडा आता आवाक्यात येईल. वसई अजून एक पायरी खाली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी पुन्हा त्या रेषांकडे नेईन. सरकार घरांमधून रेषा ओढतं. ५९,००० ची, एक लाखाची, अडीच लाखांची, आठ लाखांची. रेषेच्या अलीकडे किती घरं आहेत हे रांग पाहिल्याशिवाय कळत नाही. शहरी महाराष्ट्राचा चौघांचा सरासरी खर्च २९,४५२ आहे आणि मध्यक सरासरीच्या खाली असतो, म्हणून महिना २०,८३३ ची रेषा वसईत रांगेच्या मध्याजवळून जात असण्याची बरीच शक्यता आहे. रांगेच्या मध्याजवळ कमाईच्या आकड्यांची गर्दी दाट. तिथे हजार-पाचशे रुपयांच्या फरकात हजारो घरं उभी असतात. दाखल्यावर २०,५०० लिहिलं की २१,०००, एवढ्यावर एक घर आत आणि शेजारचं बाहेर. अशा जागी रेषा ओढणाऱ्याला आपण कुणामधून ती ओढतो आहोत हे माहीत असायला हवं. आणि ५९,००० ची रेषा? महिन्याला ४,९१७ रुपयांत चौघांचं घर वसईत चालत असेल तर ते रांगेत कुठे उभं आहे, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

वसई तालुक्यासाठी हे काम फार मोठं नाही. ८० ब्लॉक निवडायचे, किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यापासून नालासोपाऱ्याच्या चाळींपर्यंत आणि पूर्वेच्या आदिवासी पाड्यांपर्यंत. प्रत्येकी २० घरं, एकूण १,६००. एका माणसाने दिवसाला चार घरं नीट केली तर ४०० दिवसांचं काम, म्हणजे २० जणांचं २० दिवसांचं. वर्षात ऋतू बदलतात म्हणून ते चार हप्त्यांत, पाच पाच दिवसांचं करायचं. वर्तक महाविद्यालय आणि गोन्सालो गार्सिया महाविद्यालय यांच्या अर्थशास्त्राच्या मुलांना शिकवून हे करता येईल. त्यातल्या पुष्कळांना वाडीचा हिशेबही कळतो आणि लोकलचा पासही. शेजारशेजारच्या घरांचा तोटा धरला तरी मधलं घर दोन्हीकडे साडेतीन टक्के जागांच्या आत सापडेल, म्हणजे १५० किलोमीटरच्या रांगेत ७५ च्या अलीकडे-पलीकडे सव्वापाच किलोमीटर. त्यात एक ब्लॉक गिरीजचा ठेवला तर गिरीजची पहिल्या वर्षी २० घरं येतील आणि त्याचा आकडा बहुतांशी इतर गावांच्या आधाराने काढावा लागेल. दरवर्षी दुसऱ्या आळीतली २० घरं घेत गेलं तर पाच वर्षांत १०० होतील, आणि मग गिरीजचं मधलं घर गिरीजच्याच उत्तरांवरून शेजारशेजारच्या घरांचा तोटा धरूनही दोन्हीकडे चौदाएक टक्के जागांच्या आत सांगता येईल.